गड्याची वाटी

बाई अंगणात पाऊल टाकणार, तेवढ्यात मी शेणाने भरलेले हात तसेच घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"तिथंच थांबा. आत पाय टाकाल तर ह्याच हातानं सत्कार करीन तुमचा."

ती थांबली. उन्हाने तोंड लाल झालेलं, खांद्याला खाकी झोळी. एका चपलेचा अंगठा तुटला होता, तो सुतळीने बांधलेला. पहिल्या खेपेला जीपमधून आली होती. या खेपेला सर्व्हिस मोटारीतून फाट्यावर उतरून पायी आली होती.

"भागरथाबाई, मनिरामचं कळलं मला. म्हणून आले."

"कळलं? मंग तमाशा पाहाले आल्या का? या, या. थोरला ओट्यावर हाये, धाकटा येईनच आता कामावरून. दोघा भावाले शेजारी बसवतो, तुमी फोटू काढा."

तिने ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर माझा थोरला, सुकराम, बसला होता. आदल्या वर्षी त्याचे पाय गेले. गेले म्हणजे तुटले नाहीत, आखडले. आधी पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, मग टाचा जमिनीला टेकेनात, मग चालताना गुडघे एकमेकांत अडकायला लागले, कात्रीसारखे. आता दोन काठ्या घेऊन उकिरड्यापर्यंत जायचा, तेवढंच. लगन ठरलं होतं, ते मोडलं.

आमच्या भागात धान उभं असतानाच बांधीतल्या चिखलात लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकून ठेवतात. धान कापलं की ती वर येते. पाणी नको, खत नको, कोणी लक्ष द्यायला नको. त्या वेळी पावसावाचून धान लागोपाठ बुडालं, तलावाला भेगा पडल्या, आणि पळसटोल्यात खायला राहिली ती एक लाखोळी. सकाळी तिची भाकर, संध्याकाळी तिची डाळ. सणाला तिचेच वडे. आणि गावातल्या जवान गड्यांचे पाय एकामागून एक आखडायला लागले. कोणी म्हणे वारं भरलं, कोणी म्हणे चिखलातली हवा लागली. ज्यांना सुनेशी भांडायचं होतं त्यांनी सुनेला चेटकीण म्हणून घेतलं.

तेव्हा ही बाई पहिल्यांदा आली होती. डॉक्टर मनोरमा पांढरीपांडे, नागपूरच्या कुठल्या प्रयोगशाळेतली. बाया जमल्या, कोणी पोराचा खोकला दाखवायला आणला, कोणी आपली कंबर. ती म्हणाली, "मी डॉक्टर आहे, पण औषधाची नाही. अन्नाची."

मी म्हटलं, "अन्नाले काय दुखते बाप्पा, का त्याले डाक्टर लागते?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. मग तिने सांगितलं की लाखोळीच्या पोटात विष असतं. थोडी खाल्ली तर काही होत नाही, पण रोज तीच खाल्ली तर पाय जातात. पण खायची सोडा असं ती म्हणाली नाही; सोडून आम्ही खाणार काय, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने रीत काढली होती. डाळीवर उकळतं पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, मग पाणी काढून टाकायचं. पुन्हा एकदा तसंच. "गरम पाणी डाळीतलं सगळं ओढून घेतं," ती म्हणाली. तिने ते कोंबड्यांवर करून पाहिलं होतं.

गावात सगळ्यांच्या आधी मी ते केलं. बाईवर विश्वास होता म्हणून नाही. एक पोरगा बसला होता, दुसरा उभा होता, म्हणून. धाकटा मनिराम दुष्काळी कामावर रस्त्याची गिट्टी फोडायला जायचा आणि त्याच्या दोन पायांवर आमचं सगळं घर चालायचं. मी, सुकराम, मनिरामची बायको दुर्पता, आणि तिच्या पोटातलं. मी स्वतः केलं आणि घराघरांत जाऊन बायांना करायला लावलं. माझ्या जिभेला गाव भितं. कोण नाही म्हणणार?

आणि आता मनिरामच्या टाचा उचलल्या होत्या.

"तुमी सांगतलं तसं केलं," मी बाईला म्हटलं. "एक दिस चुकवला नाई. जळण नाई तर छपराच्या काड्या जाळल्या. मंग काऊन चालले माह्या पोराचे पाय? सांगा ना. कोंबड्याले इचारून सांगा."

"पाणी डाळीतून काढता ना?"

"काढतो."

"सगळं?"

"थेंब ठेवत नाई. मले काय खोटारडी समजल्या?"

"दोन वेळा?"

"दोन वेळा!"

ती अंगणाच्या कडेला खालीच बसली, धुळीत, पांढऱ्या पातळासकट. म्हणाली, "मग माझी रीत खोटी आहे. नागपूरला सगळे तेच म्हणताहेत. साहेब म्हणाले, पांढरीपांडे, खुराडं बंद करा, लोणच्यांच्या बाटल्या तपासायला घ्या." चपलेची सुतळी ओढत म्हणाली, "पण कोंबड्यांचे पाय गेले नाहीत हो. एकीचेही नाही."

"कोंबड्या पोसल्या अन् माह्या पोराले मारलं."

त्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. मला ते पाहायचंही होतं. ती रडली नाही. मान वर करून म्हणाली, "मला तुमच्या चुलीपाशी बसू द्या. आजचा दिवस. काही बोलणार नाही, काही शिकवणार नाही. नुसतं बघते. मनिराम अजून उभा आहे, भागरथाबाई. अजून उभा आहे तोवर बघू द्या."

मी बाजूला झाले. दुसरं करणार काय होते? वैद्य झाला होता, अंगारा झाला होता, तेल चोळून चोळून दुर्पताचे तळवे सोलले होते. उरली होती ती ही, सुतळीच्या चपलेची.

दुर्पता चुलीपुढे होती. एवढीशी पोर, सातवा महिना लागलेला, आणि अंगात पोटाशिवाय काही नाही. बाईला पाहून तिने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कर तुह्यं काम," मी म्हटलं. "बाई पाहून राहिल्या. परीक्षा समज."

तिने पाण्याचं पातेलं, आमचा गंज, चुलीवर ठेवला. पाणी तळ्याच्या पोटात खणलेल्या झिऱ्याचं. बाया पहाटेपासून तिथे रांग लावायच्या, वाटीवाटीने घागर भरायच्या. ते पाणी असं ओतताना दुर्पता अजूनही श्वास धरायची. पाणी खदखदलं, तिने ते डाळीवर ओतलं, वर परात झाकली.

बाई बघत होती. मी तिला बघत होते.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, "लेकरं किती तुमाले?"

"नाहीत."

"लगन?"

"झालं होतं. ते म्हणाले, एक काय ते ठरव, मी की कोंबड्या."

"मंग?"

"कोंबड्या निदान जेवायला वेळेवर यायच्या."

दुर्पता फस्सकन हसली आणि तोंडावर हात घेतला. मी हसले नाही, पण बसायला पाट दिला.

मग ती हळूहळू बोलली. प्रयोगशाळेत घेतलं तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. बसायला खुर्ची द्यायची कुठे यावरून वाद झाला. बाईमाणूस आहे, मुरंबे-लोणची द्या तपासायला, असं ठरलं. ती वर्षानुवर्षं बाटल्या उघडत आणि मिटत बसली, आणि काम संपलं की मागच्या पडवीत स्वतःच्या कोंबड्यांना लाखोळी घालायची. लोक म्हणायचे, बाईने अंड्यांचा धंदा काढला.

"पन लाखोळीच कायले?" मी विचारलं. "नागपुरात कोन खाते ती?"

"आमच्या घरी पाणी भरायला एक माणूस होता, तुमच्याच भागातला. मी लहान होते. एके वर्षी गावाहून परत आला तो फरफटत आला. सगळे म्हणाले, दारू प्यायला असेल. माझे वडीलही तेच म्हणाले. त्याला काढून टाकलं." तिने परातीकडे पाहिलं. "तो दारू पीत नव्हता."

डाळ भिजल्यावर दुर्पताने पाणी गंजात निथळून घेतलं. पुन्हा उकळतं ओतलं, पुन्हा निथळून घेतलं; बाईची नजर डाळीवरच होती. बाईने भिजलेला एक दाणा चावून पाहिला, बोटांत चुरला, वास घेतला. बरोबर आहे, असं स्वतःशीच म्हणाली. सगळं बरोबर आहे. तिचा चेहरा असा झाला होता की काहीतरी चुकलेलं सापडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"सकाळी गावातून फिरून आले मी," ती म्हणाली. "एक कळत नाही. म्हातारे होते तसे आहेत. सुकराम होता तिथेच आहे, वाढलं नाही त्याचं. बायकांना तर काहीच नाही. एकाच डाळीचं जेवताय सगळे. मग जे काम करतात, राबतात, त्यांचेच पाय का जातात?"

"बायाले आखडाले सवड कुठं हाये?" मी म्हटलं. पण मलाही ते टोचलं. खरंच तसं होतं.

तेवढ्यात बाहेर सुकराम ओरडला, "आला!"

मी दाराशी गेले. मनिराम येत होता. माझा हा पोरगा बैलासारखा चालायचा, जमीन दणाणायची. आता तो चवड्यांवर येत होता, एकेक पाऊल लांबून आणून ठेवत, कुंपणाच्या बांबूला धरत. गुडघे अजून अडकत नव्हते. अजून नाही. कामावरच्या मुकादमाने त्याला सांगून ठेवलं होतं, अजून एकदा गिट्टीच्या ढिगावर पडलास तर नाव कापीन.

"बाई आल्या काय!" त्याने आत येऊन भिंतीला पाठ टेकली. "पाहा, तुमच्या पुण्याईनं नाचाले शिकलो. येत्या दंडारीच्या खेळात मलेच नाच्या करणार हायेत."

"गप बस," मी म्हटलं.

"काऊन? चवड्यावर चालणं सोपं हाये का? दुर्पताले जमते का इचार."

दुर्पता हसली नाही. तिने पाट-पाणी केलं, फोडणी दिली, ताट केलं. मनिरामने हाताने एकेक पाय उचलून मांडी घातली, जसा दुसऱ्याचा पाय उचलावा तसा. बाई ते बघत होती आणि मी तिची बोटं बघत होते. पाटाची कड तिने घट्ट धरली होती.

तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. टाचेला फोड आला होता, तो फुटून चपलेला चिकटलेला. राग एका जागी आणि घरी आलेलं माणूस एका जागी. माझ्या घरातून कोणी उपाशी गेलं असं मी दुष्काळातही होऊ दिलं नाही.

"दुर्पता, बाईले ताट कर. अन् वाटी बाईले दे."

दुर्पता थबकली. "आत्याबाई, वाटी तर ह्यांची…"

"मले माहीत हाये कोणाची ते. आज बाईले दे."

"घ्या बाई, घ्या," मनिराम म्हणाला. "एक दिस नाई पेलो तर मरत नाई मी. हे आमचं टानिक हाये."

दुर्पताने वाटी बाईपुढे ठेवली. वाफ निघत होती. चिंच, हिरवी मिरची, वरून लसणाची फोडणी. घरात तेलाचा जो काय थेंब होता तो त्या वाटीत जायचा, दुसरीकडे कुठेच नाही. बाईने फुंकर घातली, एक घोट घेतला.

"छान झालंय," ती दुर्पताला म्हणाली. "अगदी अंगात उतरतंय. कशाचं आहे हे?"

दुर्पता लाजली. मीच म्हटलं, "डाळीचंच की. तुमीच तर काढाले सांगतलं."

बाईने वाटी खाली ठेवली. पण तिचा हात वाटीवरच राहिला. झाकल्यासारखा.

"डाळीतून काढलेलं पाणी?"

"मंग? काढलं म्हंजे का मातीत ओतन कोनी? झिऱ्याचं पाणी, जळण जाळून तापवलेलं. अन् तुमीच म्हटलं होतं ना, गरम पाणी डाळीतलं सारं ओढून घेते. सारा कस त्यात उतरते. इकडं पहिल्यापासून असंच हाये बाई, पेज असो का डाळ असो, वरचं पाणी राबणाऱ्या गड्याचं. बाळंतिणीचं, नाईतर गड्याचं. आता तुमच्या रीतीनं तर लयच दाट निघते."

"रोज?"

"रोज."

"सगळ्यांकडे?"

"ज्याच्या घरी राबणारा गडी हाये त्याच्या घरी."

"आणि फक्त त्यालाच."

"मंग, आमी बसून खाणारे, आमाले कायले?" मी म्हटलं. "दुर्पता तर आपल्या वाट्याचंबी त्यालेच देते. पोटात लेकरू असून. मी रागावतो, पन ऐकते कुठं."

बाई उठली. वाटी हातात घेऊन उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं उलटी होते आहे. मी मागे गेले. ती वाडीच्या कुडाला धरून उभी होती आणि वाटी तिने मातीत ओतली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अन्न फेकता? माह्या पोराच्या तोंडचं?"

"भागरथाबाई, ते विष आहे."

"काय बोलता?"

"डाळीतलं सगळं विष पाण्यात येतं. म्हणून तर काढायला सांगितलं. डाळ आता चांगली आहे. तुम्ही चांगली डाळ खाताय, सुकराम खातोय, दुर्पता खातेय. आणि घरातल्या सगळ्यांच्या डाळीतलं विष एका वाटीत…" तिने मातीतल्या ओल्या डागाकडे पाहिलं. "मी टाका म्हटलं. कुठे टाका ते म्हटलंच नाही. माझ्या घरी मोरी आहे हो. पाणी टाकलं की जातं. ते जातं कुठे, हे मला कधी विचारावंच लागलं नाही."

मी दारातून आत पाहिलं. गंजाच्या तळाशी थोडं उरलं होतं. दुर्पताने ते दुसऱ्या वाटीत काढलं होतं, बोटाने गंज पुसून काढला होता, आणि ती वाटी मनिरामपुढे सरकवत होती. तो तिला काहीतरी चिडवत होता. त्याने वाटी उचलली.

मी कशी आत गेले ते मला आठवत नाही. वाटी भिंतीवर आदळलेली आठवते.

"माय! येडी झाली का?"

"पिऊ नको. आजपासून पिऊ नको."

"काऊन?"

"मी म्हणतो म्हणून!"

दुर्पता भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहत होती आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या बाईकडे. पोर शहाणी होती. बाईच्या तोंडावरून तिला कळलं. पुरतं नसेल, पण कळलं. तिचे दोन्ही हात पोटावर गेले.

मी बाईला दंडाला धरून पुन्हा वाडीत ओढून नेलं. एकच विचारलं. "त्याचे पाय?"

"आजपासून वाढणार नाही."

"ते नाई इचारलं मी."

तिने माझ्या डोळ्यांत पाहून सांगितलं. तेवढं मी तिचं मानते. "गेलेलं परत येत नाही. जितका चालतो आहे तितकाच चालेल. कदाचित काठी लागेल."

मी कुडाला टेकले. आत मनिराम विचारत होता, काय झालं म्हणून, आणि दुर्पताचा आवाज येत नव्हता.

"मी चावडीपुढे जाते," बाई म्हणाली. "आत्ताच. संध्याकाळच्या डाळी भिजल्या असतील घराघरांत. सांगते की चूक माझी झाली. मी नीट सांगितलं नाही. मला काय म्हणायचं ते म्हणू देत."

ती निघाली. सुतळी तुटली होती, चपल फटफट वाजत होती. मी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि मला पुढचं सगळं दिसलं, जसं काही होऊन गेलेलं आहे.

"थांबा."

"वेळ नाही, भागरथाबाई."

"थांबा म्हटलं ना! तुमी सांगाल, माह्या सांगण्यानं पाय गेले. लोकं काय ऐकतील? बाईनं इख पाजलं. एवढंच ऐकतील. तुमाले फाट्यापर्यंत जाऊ देनार नाईत. गेल्याच तर पुन्हा कोणी तुमाले गावात घेनार नाई. अन् बाया म्हणतील, त्या बाईचं सारंच खोटं. डाळ भिजवणंच सोडून देतील. मंग खातील काय? तीच डाळ. कोरडी. इखासकट."

"म्हणून खोटं बोलू?"

"तुमाले जमनार नाई, तुमी शिकलेल्या. मी बोलतो."

तिला कळायला वेळ लागला. "नाही. ते मी होऊ देणार नाही."

"अन् आत ती पोर हाये," मी म्हटलं. "रोज आपल्या हातानं वाटी भरून देत होती. उद्या गाव काय म्हणन तिले? नवऱ्याले इख घातलं. सातवा महिना हाये. तिनं तळ्याच्या कोरड्या इहिरीत उडी घेतली तर तुमची कोंबडी येईन का वर काढाले?"

बाईने दारातून आत दुर्पताकडे पाहिलं.

"मंग तोंड बंद ठेवा. मरेपर्यंत."

चावडीपुढे मी उभी राहिले तेव्हा उन्हं कलत होती. मी हाक मारली की लोक येतात. बाया आल्या, गडी आले. जे चालत होते ते चालत, जे फरफटत होते ते फरफटत. मी पदर खोचला.

"ऐका. डाळीचं काढलेलं पाणी कोणी पेऊ नका, कोणाले देऊ नका. ते इख हाये. त्यानंच पाय चालले. बाईनं मले पहिल्याच दिशी बजावलं होतं, पाणी उकिरड्यावर टाका, जनावराच्याबी तोंडी जाऊ देऊ नका. मीच मोठी शहाणी. मीच म्हटलं, शहरातल्या बाईले काय समजते, हा तर कस हाये. मीच तुमाले सांगतलं गड्याले द्या म्हणून. माह्या सुनेलेबी मीच सांगतलं."

मग मागून सरस्वता म्हणाली, माझ्याच आळीतली, साधी बाई, "पन भागरथा, तू तर मले असं काई म्हटलं नवतं. आमी तर आपल्याच मनानं…"

"म्हटलं होतं!" मी तिच्यावर धावून गेले. "तुह्या कानात बोळे असतील तर मी काय करू? झिऱ्यावर म्हटलं, ह्या तोंडानं म्हटलं!"

ती घाबरून मागे सरली, आणि मग तिच्या तोंडावर हळूहळू दिसायला लागलं की हो, म्हटलं असेल. तिच्या शेजारणीच्याही तोंडावर. प्रत्येकीला आपापली वाटी आठवत होती, आणि प्रत्येकीला ती माझ्या पदरात टाकायची होती. टाकू दिली.

सोम्याची बायको पुढे आली. तिचा नवरा महिनाभरापासून उठला नव्हता. ती माझ्या पायाशी थुंकली. म्हणाली, "तुह्या जिभेनं खाल्लं आमाले."

मी पाय मागे घेतला नाही. "थुंकून झालं असन तर घरी जा अन् गंज रिकामा कर."

मागे बाई उभी होती, ओठ दातांत धरून. एकदा तिने तोंड उघडलंच, "अहो, यांचं ऐका, खरं तर मी…", आणि मी असं वळून पाहिलं तिच्याकडे की तिने ते मिटलं. त्या संध्याकाळी घराघरांतून पाणी उकिरड्यावर गेलं. त्या वर्षानंतर पळसटोल्यात नवे पाय आखडले नाहीत. पुढे बाईचं नाव झालं. लाखोळी खाणाऱ्या दुसऱ्या मुलखांतून तिला बोलावणी यायची, तिच्या हाताखाली पोरी शिकल्या, आणि त्या पोरींना म्हणे ती आधी महिनाभर लोकांच्या चुलीपाशी बसायला लावायची, हातात कागद न देता. आमच्या गावाने मला जे नाव दिलं ते मी इथे घेत नाही. गावातल्या कोणत्याही म्हातारीला विचारा, ती सांगेल.

पण त्या वेळी चावडीपुढून वळले तेव्हा माझ्या एक ध्यानात आलं नव्हतं. मनिराम मागून आला होता. चावडीच्या खांबाला धरून तो उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

घरापर्यंत तो माझ्या पुढे चालला. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. बाई अंगणातच थांबली.

घरात दिवा लागला होता. दुर्पता चुलीपाशी बसली होती, रडून तोंड सुजलेलं. मनिराम भिंतीला टेकला आणि उभाच राहिला.

"माय, बाईनं तुले खरंच सांगतलं होतं? पाणी फेका म्हणून?"

दुर्पताने मान वर केली. "नाई हो, आत्याबाईनं कधीच…"

"तू मधात बोलू नको!" मी ओरडले. "मोठी माणसं बोलून राहिली. सांगतलं होतं रे. पहिल्याच दिशी."

"अन् तू ऐकलं नाई."

"नाई ऐकलं."

"काऊन?"

"मले वाटलं, मले जास्त समजते."

तो माझ्याकडे पाहत राहिला. तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, वाटी फेकून मारली असती तर मी उलटून बोलले असते, आणि आमचं भांडण होऊन ते मिटलं असतं. त्याने खाली आपल्या टाचांकडे पाहिलं. जमिनीला टेकवून पाहिल्या. टेकल्या नाहीत.

मी ताट घेतलं. लहानपणापासून त्याचं ताट मीच वाढत आले होते, लगन झाल्यावरही, ते मी सोडलं नव्हतं. भाकर वाढली, डाळ वाढली, त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते हाताने बाजूला सरकवलं. जोरात नाही.

"दुर्पता," तो म्हणाला, "उद्यापासून माह्यं ताट तू वाढत जा. माय नको."

दुर्पता हलेना. तिने हातातला डाव खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं, तिचं तोंड उघडलं, आणि आता ती बोलणार हे मला दिसलं.

मी डोळे वटारले.

"ऐकू नाई आलं का? उद्या कायले, आतापासूनच वाढ त्याले."